कॅनडा पीआर: मुख्य अर्जदार नवरा की मी? आणि रायटिंगचा अर्धा बँड

गोदाकाठ

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आम्ही नाशिकचे. मी ३१ वर्षांची, एम.फार्म., एका औषध कंपनीत क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये सहा वर्षं. नवरा ३६, बी.ई. मेकॅनिकल, अंबड एमआयडीसीत प्रॉडक्शनला. मुलगी चार वर्षांची. वर्षभर बोलून-भांडून ठरवलं की कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी) एकदा मनापासून प्रयत्न करायचा. एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे गुणांवर निवड होते त्या मार्गाने.

दोघांनीही आयईएल्टीएस जनरल ही इंग्रजीची परीक्षा दिली. माझे बँड: लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७, रायटिंग ६.५. नवऱ्याला प्रत्येक भागात सीएलबी ८ मिळालं (बँडवरून ठरणारी कॅनडाची भाषेची पातळी).

घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की अर्ज नवऱ्याच्या नावाने आणि मी 'सोबत'. ज्या कन्सल्टंटकडे गेलो त्यानेही फॉर्मवर पहिलं नाव त्यांचंच लिहिलं. मला विचारलंसुद्धा नाही. मोठी फी सांगितली आणि म्हणाला, "मॅडमचा स्कोअर डिपेंडंट म्हणून चालून जाईल."

माझे प्रश्न:
मुख्य अर्जदार कोणी व्हावं?
रायटिंग ६.५ वर थांबू की परत परीक्षा देऊ? फी काही थोडी नाही.
माझ्या एम.फार्म.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. याने अडेल का?

---

मिसिसागाकर

ताई, पैसे भरायच्या आधी विचारलंत हे उत्तम केलंत. मी २०१९ मध्ये याच मार्गाने कॅनडात आलो, कन्सल्टंटशिवाय. तुमचा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे पुढे कोणी काही सांगितलं तरी तुम्हाला पडताळता येईल.

आधी एक गोष्ट. ६७ गुणांची चाळणी वेगळी आणि सीआरएस, म्हणजे उमेदवारांची क्रमवारी लावणारे गुण, वेगळे. ६७ म्हणजे 'फेडरल स्किल्ड वर्कर' या कुशल कामगारांच्या योजनेसाठी पात्र आहात की नाही एवढंच. ती तुम्ही सहज पार करता. खरी चुरस सीआरएसची, १२०० पैकी. वेळोवेळी फेरी निघते आणि वरच्या गुणांच्या लोकांना अर्ज करायला बोलावतात.

नवरा मुख्य अर्जदार धरला तर: वय ३६ चे ६५, बी.ई.चे ११२, सीएलबी ८ चे चार भागांत मिळून ८८. तुमच्या शिक्षणाचे १०. तुमच्या इंग्रजीचे १८, कारण रायटिंग ६.५ म्हणजे सीएलबी ८, त्याला ५ ऐवजी ३ मिळतात. शिवाय जोडीचे गुण: शिक्षण आणि भाषा मिळून १३, अनुभव आणि भाषा मिळून २५. बेरीज ३३१.

आता तुम्ही मुख्य अर्जदार, आजच्या स्कोअरवर: वय ९०, मास्टर्सचे १२६, भाषेचे १०९, नवऱ्याच्या शिक्षणाचे ८, त्यांच्या इंग्रजीचे १२, जोडीचे २५ आणि २५. बेरीज ३९५.

आणि रायटिंग ७ आलं तर? भाषेचे १०९ चे ११६ होतात. पण मोठी उडी तिथे नाही. चारही भागांत सीएलबी ९ झालं की जोडीचे २५-२५ सरळ ५०-५० होतात. बेरीज ४५२.

म्हणजे रायटिंगच्या एका अर्ध्या बँडची किंमत ५७ गुण. फक्त ६.५ ते ७ या पायरीची. एवढ्या छोट्या बदलात इतका फायदा तुमच्या प्रोफाइलमध्ये इतर कुठल्याच गोष्टीत नाही. परीक्षा परत द्या, आणि अर्ज तुमच्या नावाने करा. त्या माणसाने बेरीज न करताच पहिलं नाव लिहिलं, आणि त्यासाठी तुमच्याकडून पैसे घेणार होता.

---

शिंगणवाडी

मिसिसागाकरांशी सहमत. फक्त एक: निकालाचं पुनर्मूल्यांकनही मागता येतं, परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत. गुण वाढले तर ती फी परत मिळते. माझ्या बहिणीचं रायटिंग तसंच अर्ध्याने वाढलं होतं. पण त्याच्या भरवशावर अभ्यास थांबवू नका.

कॅनडा आता सेल्पिप आणि पीटीई कोअर या इंग्रजीच्या परीक्षाही धरतं. संगणकावर टाइप करणं ज्यांना सोपं जातं त्यांनी त्यांच्या नमुना चाचण्या एकदा सोडवून पाहाव्यात.

---

रानजाई

नावाबद्दल लिहिते, कारण त्यात माझे चार महिने गेले.

आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं. माझं तर लग्नात नावही बदललेलं. तिकडच्या माणसाने हे कागद शेजारी ठेवले तर त्याला तीन वेगळ्या बायका दिसतात.

मी काय केलं ते सांगते. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र इंग्रजीत काढलं. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेतला. आणि एक प्रतिज्ञापत्र, ज्यात माझी तिन्ही नावं, ती कुठल्या कुठल्या कागदावर आहेत आणि ती एकाच व्यक्तीची आहेत हे स्पष्ट लिहिलं. वेसकडे (परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणारी संस्था) खातं उघडताना माहेरच्या नावाचा रकाना न चुकता भरला. एक्सप्रेस एन्ट्रीच्या फॉर्ममध्येही 'आधीची नावं' हा प्रश्न आहे, तिथे सगळी नावं लिहिली. लपवण्यासारखं त्यात काहीच नाही, पण एक जरी सुटलं तरी शंका येते.

आणखी एक: पदवी प्रमाणपत्र हातात आहे ना ते बघा. पदवीदान समारंभाला न गेलेल्या कितीतरी जणांकडे फक्त प्रोव्हिजनल असतं. विद्यापीठात अर्ज करून ते मिळेपर्यंत बाकीचं सगळं अडून राहतं. ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडूनच थेट वेसकडे जायला हवी, तेव्हा बी.फार्म. आणि एम.फार्म. दोन्हींसाठी आजच अर्ज टाका.

---

गोदाकाठ

मिसिसागाकर, तुमचा प्रतिसाद काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. त्यांनी वही घेऊन सगळी बेरीज स्वतः परत केली. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुझ्याच नावाने कर." सासूबाई जरा गप्प होत्या. पण सकाळी त्यांनीच विचारलं, "परीक्षेची तारीख कधीची मिळते?"

रानजाई ताई, माझं पदवी प्रमाणपत्र खरंच काढलेलं नाही. उद्याच अर्ज करते.

एक भीती आहे. सगळीकडे वाचते की ५०० च्या वर कटऑफ असतो. मग ४५२ घेऊन काय करायचं?

---

मिसिसागाकर

भीती रास्त आहे, खोटा धीर देणार नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत एका फेरीत कटऑफ ७५ होता आणि २७,३३२ जणांना बोलावलं होतं. पण ती फेरी कॅनडातल्या कामाचा अनुभव असलेल्यांसाठी होती. त्या आकड्याच्या गोष्टी सांगून आजही लोकांकडून पैसे काढले जातात. आता चित्र वेगळं आहे. २०२४ साठी ४,८५,००० नवीन पीआरचं लक्ष्य होतं, ते २०२५ साठी ३,९५,००० आणि २०२६ साठी ३,८०,००० वर आणलं. भारतात बसून, कॅनडाचा अनुभव नसताना, नुसत्या ४५२ वर साध्या फेरीत बोलावणं येणार नाही.

मग दोन दारं उरतात. पहिलं प्रांतांचं. एखाद्या प्रांताने नामांकन दिलं की ६०० गुण मिळतात, मग बोलावणं जवळजवळ नक्की. पण ते कोणाला आणि कधी देतील हे प्रत्येक प्रांताच्या गरजेवर आहे.

दुसरं दार फ्रेंचचं. २०२३ पासून विशिष्ट गटांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात आणि फ्रेंच हा त्यातला एक गट आहे. २०२५ च्या मार्चमध्ये त्या गटाचा कटऑफ ३७९ पर्यंत आला होता.

---

आलियाँसची विद्यार्थिनी

मी हेच दार धरलं, म्हणून लिहिते.

फ्रेंच म्हणजे क्यूबेकला जायचं असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. क्यूबेकची निवडपद्धत पूर्ण वेगळी आहे, एक्सप्रेस एन्ट्रीतल्या फ्रेंच फेऱ्या क्यूबेकच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी असतात.

टेफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षेत चारही भागांत एनसीएलसी ७ लागतं (सीएलबीसारखीच, पण फ्रेंचची पातळी), म्हणजे ए१ ते सी२ या युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी२. शून्यापासून सुरुवात करून मला सतरा महिने लागले. नोकरी सांभाळून रोज दोन तास, रविवारी पाच. पहिले सहा महिने वाटायचं की आपण सुसाट चाललोय. बी१ नंतर गाडी अडते. ऐकणं सगळ्यात अवघड, कारण ध्वनिफीत एकदाच वाजते आणि आपण पहिल्या वाक्याचा अर्थ लावेपर्यंत तिसरं संपलेलं असतं. मी भांडी घासताना, बसमध्ये, झोपताना कॅनडाच्या फ्रेंच रेडिओच्या बातम्या लावून ठेवायचे. समजो न समजो.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, आलियाँस फ्राँसेज आहे. नाशिकहून ऑनलाइन वर्ग करता येतील. मात्र शिक्षक असा हवा जो निबंध ओळीओळीने तपासून देईल. नुसते व्हिडिओ बघून लिखाण सुधारत नाही.

तुमचा हिशेब मी मांडते. समजा दीड-दोन वर्षांनी तुम्ही ३३ च्या असाल. वयाचे ९० चे ८० होतील. ४५२ चे ४४२. त्यात फ्रेंच येतं म्हणून जादा ५० आणि फ्रेंच दुसरी भाषा म्हणून १२. म्हणजे ५०४. आणि रांग फ्रेंचवाल्यांची.

इंग्रजीचा निकाल दोन वर्षंच चालतो हे ध्यानात ठेवा. फ्रेंच तयार होईल तेव्हा इंग्रजीची मुदत संपलेली असायला नको.

---

हळदीचं शिवार

मी सांगलीकडचा. हा धागा वाचून राहवलं नाही.

माझ्या धाकट्या भावाला एका एजंटने कॅनडातल्या 'एलएमआयए जॉब ऑफर'चं (परदेशी कामगार नेमायची सरकारी परवानगी असलेल्या नोकरीचं) पत्र विकलं. बारा लाख. त्यातले आठ बाबांनी जमीन गहाण ठेवून दिले. पत्रावर कंपनीचं नाव, शिक्का, सही, सगळं होतं. भाऊ ते पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून देवघरात ठेवायचा. अर्ज गेला, सात महिन्यांनी उत्तर आलं की कागद खोटा आहे. चुकीची माहिती दिली म्हणून पाच वर्षांची बंदी. एजंटचं ऑफिस तोवर बंद झालं होतं. भावाने पत्र स्वतः बनवलं नव्हतं, पण सही त्याचीच होती, म्हणून शिक्षाही त्यालाच.

आज तो बोलत नाही फारसा. बाबा तर त्या जमिनीच्या बाजूने चालतसुद्धा नाहीत.

म्हणून हात जोडून सांगतो. नोकरीचं पत्र विकत घेऊ नका. कोणी कितीही ओळखीचा असो.

---

मिसिसागाकर

दादा, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या भावाला सांगा, बंदीची मुदत संपते. त्यानंतर खऱ्या कागदांवर अर्ज करता येतो. मात्र आधीची नामंजुरी लपवायची नाही, ती नीट लिहायची.

बाकीच्यांसाठी: एलएमआयएची १,००० डॉलर फी मालकाने भरायची असते, कामगाराकडून वसूल करणं बेकायदा आहे. आणि २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे सीआरएस गुणच काढून टाकले आहेत. पूर्वी ५० किंवा २०० मिळायचे. म्हणजे गुणांसाठी असं पत्र विकत घेण्यात आज काहीही अर्थ उरलेला नाही, तरी विकणारे विकतात.

पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार फक्त कॅनडातल्या वकील-संघटनांचे सदस्य, क्यूबेकचे नोटरी आणि परवानाधारक सल्लागार यांना आहे. त्या सल्लागारांची यादी 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या वेबसाइटवर कोणालाही बघता येते. ऑफिसच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट बघून विश्वास ठेवू नका. नंबर विचारा, घरी जाऊन यादीत शोधा.

---

निळासावळा नेकर

थोडं विषयांतर, पण जर्मनीचाही विचार करा. मी स्टुटगार्टजवळ आहे. १ जून २०२४ पासून 'चान्सेनकार्टं' आहे. सहा गुण जमले की एक वर्षासाठी येऊन नोकरी शोधता येते, तोवर आठवड्याला वीस तास काम चालतं. २०२५ मध्ये त्यासाठी महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे वर्षाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटला (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागत होते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य आणि महाराष्ट्र सरकार यांच्यातही २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला आहे.

तुमच्या नवऱ्याचं मेकॅनिकल इथे चालेल. पण जर्मन बी१ नसेल तर कारखान्यात कोणी उभं करत नाही, हे अनुभवाने सांगतो. कागदावर इंग्रजी चालतं, शॉपफ्लोअरवर चालत नाही.

आणि मध्यस्थामार्फत नोकरीसाठी जाणार असाल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

---

गोदाकाठ

हळदीचं शिवार दादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आमच्या त्या कन्सल्टंटने दुसऱ्या भेटीत 'ऑफर लेटरची सोय होईल' असं म्हटलं होतं. आम्हाला तेव्हा अर्थ कळला नव्हता. आता तिकडे पाऊल टाकणार नाही.

दोन प्रश्न आहेत. कंपनीचं एचआर फक्त पद आणि तारखा असलेलं पत्र देतं, कामाचं वर्णन देत नाही. काय करावं? आणि पैसे किती दाखवायचे? आमची बरीचशी बचत सोन्यात आणि एका प्लॉटमध्ये आहे.

---

रानजाई

पत्राबद्दल: कॅनडाच्या इमिग्रेशनला लेटरहेडवर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि कामाची यादी हवी. एचआर नाही म्हणालं तर एचआरचं साधं पत्र घ्या, आणि वरिष्ठाकडून कामांचं वर्णन असलेलं वेगळं पत्र किंवा प्रतिज्ञापत्र घ्या. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक, आणि पूर्ण पत्र का मिळालं नाही याचा एक साधा खुलासा. कामांची यादी तुमच्या शब्दांत लिहा. एनओसीच्या (कॅनडाच्या व्यवसायांच्या सरकारी यादीच्या) वेबसाइटवरची वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली पत्रं लगेच ओळखू येतात.

बोलावणं आल्यावर हातात ६० दिवसच असतात. हे सगळं आधी जमवून ठेवा.

---

मिसिसागाकर

पैशांबद्दल: सोनं आणि प्लॉट मोजत नाहीत. जुलै २०२५ मध्ये तिघांच्या कुटुंबासाठी २३,३६० कॅनेडियन डॉलर ठरले होते, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण चौदा-पंधरा लाख. आकडा दरवर्षी वाढतो. बँकेच्या पत्रात गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक असते, म्हणून ऐन वेळी कोणाकडून आठ दिवसांसाठी पैसे खात्यात फिरवून चालत नाही. उसने पैसे तर नियमातच बसत नाहीत. प्लॉट विकणार असाल तर वर्षभर आधी विका आणि खरेदीखत जपून ठेवा. आईवडिलांनी दिले तर भेटपत्र करा.

फार्मसीबद्दल: क्वालिटीच्या अनुभवावर अर्ज केला तर वेसचं मूल्यांकन चालेल. पण 'फार्मासिस्ट' म्हणून अर्ज केलात तर मूल्यांकन तिकडच्या फार्मसी एक्झामिनिंग बोर्डाकडून लागतं. पीआर मिळाला म्हणजे दुकानात औषध द्यायचा परवाना मिळाला असं नाही. परवान्याच्या परीक्षा वेगळ्या आणि लांबलचक आहेत. माझ्या ओळखीच्या एका बी.फार्म. झालेल्या मैत्रिणीने इथे येऊन पहिली दीड वर्षं गोदामात खोकी भरली, रात्री अभ्यास केला. आज ती फार्मासिस्ट आहे. पण ती दीड वर्षं तिला कोणी आधी सांगितली नव्हती, याचं तिला अजून वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला आत्ताच सांगतोय.

---

डोंबिवलीची आई

मी परीक्षा-गुण यातली नाही. माझा मुलगा तिकडे आहे, आठ वर्षं झाली. पोरांनो, जा, जरूर जा. पण आईवडिलांना निघायच्या महिन्यात सांगू नका. माझ्या मुलाने सगळं झाल्यावर सांगितलं, आम्हाला दुखवायचं नव्हतं म्हणून. मला जाण्याचं दुःख नव्हतं. दोन वर्षं तो हे एकटाच मनात घेऊन आमच्यासोबत जेवत होता, याचं होतं.

आम्ही सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर) जाऊन येतो. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं म्हणतात. आम्ही चार महिन्यांत परत येतो, थंडी सोसत नाही.

गोदाकाठ, तुझ्या सासूबाईंनी परीक्षेची तारीख विचारली हे वाचून मला बरं वाटलं.

---

गोदाकाठ

धागा वर काढते आहे. तीन महिने झाले.

रायटिंगची तयारी या वेळी वेगळी केली. आधी मी निबंधात मोठे-मोठे शब्द भरत होते. एका निवृत्त शिक्षिकांनी माझे दहा निबंध तपासले आणि लाल पेनने एकच गोष्ट दहाही वेळा लिहिली: प्रश्नात दोन भाग आहेत, तुम्ही एकाचंच उत्तर देता. पत्रातही तेच. तीन मुद्दे विचारलेले, मी दोन लिहून शेवट सजवत बसायचे. सहा आठवडे फक्त हेच सुधारलं. रोज पहाटे घड्याळ लावून, वीस मिनिटं पत्र आणि चाळीस मिनिटं निबंध.

परवा निकाल आला. रायटिंग ७. लिसनिंग ८, रीडिंग ८, स्पीकिंग ७.

रीडिंगही वाढल्यामुळे ४५२ ऐवजी ४५५. पुढच्या महिन्यात ३२ ची होईन, तेव्हा ४५०.

पदवी प्रमाणपत्र मिळालं. राजपत्राचा अर्ज भरला आहे. प्लॉटबद्दल दोघांकडून चौकशी आली आहे. आईला आणि सासूबाईंना एकत्र बसवून सगळं सांगितलं, नाही जमलं तर काय तेही. आई थोडी रडली, मग तिने विचारलं की तिकडे कणीक मिळते का.

सोमवारपासून फ्रेंचचा ऑनलाइन वर्ग सुरू होतोय, सकाळी सहाचा. नवऱ्यानेही नाव घातलंय. मुलगी कालपासून घरभर 'बोंजूर' म्हणत फिरते आहे आणि आजीला प्रत्येक वेळी उत्तर द्यावं लागतंय.

आलियाँसची विद्यार्थिनी, पहिल्या सहा महिन्यांसाठी कुठलं पुस्तक घेऊ ते इथेच सांगाल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) नको, बाकीच्यांनाही उपयोग होईल.